काडतूस कोणतं, हा शेवटचा प्रश्न

(यवतमाळ जिल्ह्यातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बाप्पा! आता ताई आपल्याले बंदूक शिकवते काय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. बंदूक चालवायला मी शिकवणार नाही, मला येतही नाही. पण बंदुकीबद्दल बोलणार आहे, अगदी काडतुसाच्या नंबरापर्यंत बोलणार आहे. कारण हा प्रश्न मला आपल्यातल्याच एका बाईनं विचारला होता आणि एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत त्याचं उत्तर मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिला आपण काकू म्हणू. पन्नाशी ओलांडलेली. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर शेतातच घर. कवेलूचं छप्पर, पुढची एक भिंत विटांची आणि बाकी सगळा कूड, म्हणजे तुराट्यांवर माती-शेणाचा लेप. घरात काकू, सून आणि दोन नातवंडं. मुलगा कामासाठी बाहेरगावी. काकूच्या नवऱ्याकडे घराच्या संरक्षणासाठी परवान्याची एकनळी बारा बोअर बंदूक होती. तो वारल्यावर तिनं स्वतः जाऊन बंदूक आणि काडतुसं पोलिस ठाण्यात जमा केली. पुढे शेजारच्या वस्तीवर चोरी झाली, कापूस विकून आलेले पैसे गेले, म्हाताऱ्या माणसाला मारहाण झाली. त्यानंतर भासरे तिच्याकडे येऊ लागले, "तू बाईमाणूस, बंदूक माह्या नावावर कर" म्हणून. आणि काकू माझ्याकडे आली.

तिनं सरळ विचारलं, "ताई, बंदूक मी माह्या नावानं सोडवतो. मले इतकंच सांगा, घरात ठेवाले काडतूस कोनतं घेऊ?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. बंदुकीनं प्रश्न सुटत नाहीत, आपला मार्ग संघटनेचा आहे, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर हाय. पन तुमचं हापिस पाच वाजता बंद होते. चोर राती बारा वाजता येते."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शहरातल्या सुरक्षित खोलीत बसून वस्तीवरच्या बाईला "भिऊ नको" सांगणं फार सोपं असतं. म्हणून मी ठरवलं, तिचा प्रश्न जसाच्या तसा घ्यायचा आणि तिच्याबरोबर जाऊन शिकायचं.

पहिली गोष्ट हक्काची. बंदूक भासऱ्यांच्या नावावर करणं हाच एक मार्ग, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. ते खरं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, आणि विधवा ही वारस आहेच. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, इतर वारसांची हरकत नसल्याचं द्यावं लागतं, पोलिसांची चौकशी होते, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हे काकूला कुणी सांगितलं नव्हतं. सातबाऱ्याच्या वेळी जे होतं तेच इथंही होतं: वारस ती, आणि कागद फिरतात पुरुषांच्या हातून.

त्या प्रशिक्षणाला मी तिच्याबरोबर गेले. शिकवणारे माजी सैनिक होते. वयानं मोठे, मितभाषी. काकूनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यांनी आधी टेबलावर एक काडतूस ठेवलं आणि दुसरं उभं चिरून आतलं सगळं काढून दाखवलं. बुडाला पितळी टोपी, तिच्या मध्यभागी ठिणगी देणारी कॅप, मग दारू, मग गट्टू, त्यावर शिशाचे छर्रे. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीची जी जाडी होईल, तेवढं नळीचं तोंड. साधारण साडेअठरा मिलिमीटर. आपल्याकडे मिळणारी बरीच काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली असतात. हा कारखाना १८६९ सालचा आहे आणि त्याच्या बारा बोअर काडतुसांचं नाव 'शक्तिमान'.

आता नंबर. एका काडतुसात साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम शिसं असतं. ते थोड्या मोठ्या छर्ऱ्यांत वाटायचं की पुष्कळ बारीक छर्ऱ्यांत, एवढाच फरक. एल.जी.मध्ये एका औंसाला ६ छर्रे, एस.जी.मध्ये ८, बी.बी.मध्ये सुमारे ७०, चार नंबरमध्ये १७०, सहा नंबरमध्ये २७०. एस.जी.चा छर्रा आठ मिलिमीटरहून जाड, सहा नंबरचा अडीच मिलिमीटरच्या आसपास. मोठा छर्रा लांब जातो आणि खोल जातो. बारीक छर्ऱ्याचा जोर लवकर मरतो. दुकानात काकूला सांगितलं होतं, "घरासाठी एल.जी. न्या, मोठ्यात मोठं. एका बारात काम."

प्रशिक्षक म्हणाले, "दुकानदाराला तुमचं घर माहीत नाही." आणि त्यांनी आम्हाला तिच्या घराच्या भिंतीसारखा कूड बनवून आणायला सांगितलं. सुनेनं तुराट्यांचे दोन तट्टे बांधले, दोन बोटं जाड लेप दिला, वाळवले. ते आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मैदानावर नेले. एकामागे एक, मधे सहा फूट अंतर, आणि प्रत्येकाच्या मागे कागद. घरातल्या खोलीइतक्या, म्हणजे बारा-तेरा फुटांवरून बार.

तिथं जे दिसलं ते नीट ऐका.

एस.जी.चे आठही छर्रे पहिला कूड फोडून गेले आणि त्यातले पाच दुसऱ्याही कुडातून पार झाले. काकूच्या घरात पहिल्या कुडापलीकडे स्वयंपाकघर आहे आणि दुसऱ्यापलीकडे नातवंडं झोपतात. बी.बी.नं पहिला कूड फोडला आणि छर्रे दुसऱ्याच्या लेपात रुतून बसले. सहा नंबरनंसुद्धा पहिल्या कुडाला भोक पाडलंच, मागचा कागद फाटला, दुसऱ्या कुडावर नुसते खड्डे पडले. म्हणजे लहान छर्रा दुसऱ्या भिंतीशी थांबला, पण पहिल्या भिंतीशी कुठलाच थांबला नाही.

दुसरी गोष्ट. आपल्याला वाटतं छर्रे असे फाकतात की नेम धरायची गरजच नाही, नुसती नळी तिकडं केली की झालं. सिनेमात तसं दिसतं. बारा फुटांवर ते भोक माझ्या मुठीएवढं होतं. छर्रे फाकतात ते लांबवर गेल्यावर. खोलीच्या आत ते एका गोळ्यासारखेच जातात. त्यामुळे नेम चुकला तर पूर्ण चुकतो, आणि लागला तर सहा नंबरनंही माणूस मरतो. बारीक छर्रा म्हणजे दयाळू छर्रा, हा गैरसमज काढून टाका.

तिसरी गोष्ट जुन्या काडतुसांची. नवऱ्याच्या वेळची पाच काडतुसं होती, कित्येक पावसाळे पाहिलेली. एक तर फुगून नळीत बसेचना. उरलेल्या चारांपैकी दोन उडालीच नाहीत. चाप ओढला, टक् झालं, आणि शांतता. काकू नळी उघडून बघायला गेली तसे प्रशिक्षक ओरडले. काडतूस कधी कधी उशिरा उडतं. नळी समोरच धरून मनात साठपर्यंत मोजायचं, मगच उघडायची. आणि बाराचा आवाज नेहमीपेक्षा बसका आला, नुसतं फुस् झालं, तर पुढचा बार टाकायचाच नाही. आधी नळी रिकामी करून आरपार बघायची. आत गट्टू अडकला असेल तर पुढच्या बाराला नळीच फुटते, चालवणाऱ्याच्या हातात.

चौथी गोष्ट त्यांनी बंदूक उलटी करून दाखवली. जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं. आज दुकानात ७० मिलिमीटरची काडतुसं सर्रास मिळतात. ती जुन्या बंदुकीत बसतात, हीच त्यातली फसगत आहे. बसतात, पण उडताना उघडायला जागा पुरत नाही आणि नळीवरचा दाब धोक्याचा होतो. नळीवरचा शिक्का बघायचा, कळत नसेल तर परवान्याच्या कारागिराकडून तपासून घ्यायची. काकूची बंदूक ६५ ची निघाली. दुकानात तिच्यापुढे ठेवलेला डबा ७० चा होता.

काकूनं एक बार स्वतः टाकला. खांदा आठ दिवस काळानिळा होता. ती म्हणाली, "माह्या मालकानं तीस वर्सं हे टांगून ठेवलं भिंतीले. एकदा तरी असा कूड बांधून पाह्यला असता!"

परत आल्यावर आम्ही आपली नेहमीची पद्धत वापरली. गावाचा नकाशा काढतो ना, तसा काकूच्या अंगणात रांगोळीनं तिच्या घराचा नकाशा काढला. कोण कुठं झोपतं तिथं एकेक खडा ठेवला. चोर कुठून येईल तिथं काडी ठेवली. मग काकूला म्हटलं, तू तुझ्या खाटेवर बस आणि प्रत्येक काडीकडे सरळ रेघ ओढ, दोन भिंतींपलीकडे जाऊ दे. चार रेघा ओढल्या. एक रेघ नातवंडांवरून गेली. एक सुनेवरून. एक गोठ्यातून. चौथी उघड्या दारातून अंगणात आणि तिथून रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या घराकडे.

काकू बराच वेळ त्या रांगोळीकडे बघत बसली. मग सून हळूच म्हणाली, "आन् आत्याबाई, तुमी बजाराले गेल्या तर?" हा प्रश्न तिनं विचारला तो फार नेमका होता. परवाना काकूच्या नावाचा. सुनेनं ती बंदूक चालवली तर तो गुन्हा. म्हणजे सून एकटी असेल त्या रात्री ती बंदूक कुलपातच राहणार. आणि कुलूप नसेल तर? मग ती ज्याच्या हाती आधी लागेल त्याची.

आणि मैत्रिणींनो, इथं मला तुमच्याशी जरा वेगळं बोलायचं आहे. आपण "घराचं संरक्षण" म्हणतो तेव्हा धोका बाहेरून येतो असं धरूनच चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांना मारणारा माणूस कडी तोडून आत येत नाही, त्याला कडी आपणच काढून देतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईच्या नवऱ्याकडे परवान्याची दुनळी होती. दारू पिऊन आला की ती खाटेवर, दोघांच्या मधे ठेवायचा. बारा वर्षांत एकदाही गोळी सुटली नाही. पोलिसांत नोंद नाही, डॉक्टरांचा कागद नाही. ती म्हणाली, "बंदूक वाजली नाई ताई. पन मी एक दिवसबी उलटून बोलली नाई."

त्या घरात काडतूस कोणत्या नंबरचं होतं, यानं काय फरक पडणार होता?

अशा वेळी कायद्यात काय आहे ते माहीत असू द्या. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अंमल ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या नियमांत स्पष्ट आहे की दंडाधिकाऱ्यांनी लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी पोलिसांची मदत घेऊन हिंसाचारात वापरलेलं शस्त्र जप्त करवू शकतात. म्हणून अर्ज लिहिताना शस्त्राचा उल्लेख आणि ते जप्त करण्याची मागणी लिहायला विसरू नका. "मारलं नाही, नुसतं दाखवलं" असं असलं तरी लिहा. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित किंवा रद्द होऊ शकतो, तोही अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करता येतो.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, याबद्दल शंका नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची, ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येतो. रात्रीच्या घरफोडीतही विशिष्ट परिस्थितीत तो हक्क आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी स्वसंरक्षणाची म्हणून पटवणं फार कठीण, आणि कुडापलीकडे झोपलेल्या लेकरासाठी तर कुठलंच कलम उपयोगाचं नाही.

सकाळच्या चर्चेत राळेगाव-पांढरकवड्याकडच्या मैत्रिणींनी विचारलं, चोराचं ठीक, वाघाचं काय? त्यांचं भय मला माहीत आहे. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-१ वाघीण, जिला अवनी म्हणत, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तोवर तुम्ही कापूस वेचायला जथ्यानं जात होतात. पण घराच्या बंदुकीचं काडतूस वाघावर चालवलं तर वाघ जखमी होईल, आणि जखमी वाघ सगळ्या शिवाराला भोगावा लागेल. तसंच रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ज्यांच्या घरी भरमार बंदूक आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. तिची काळी दारू ठिणग्या फेकते. भाव वाढेल म्हणून घरात छतापर्यंत कापूस भरून ठेवता, त्या घरात ती भरलेली ठेवणं म्हणजे चुलीतला निखारा कापसाशेजारी ठेवणं.

सरकारला काय वाटतं? २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीनं खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या घटनेनंतर बायकांनी रस्त्यावर येऊन काय मागितलं होतं? दिवे, बसगाड्या, तक्रार नोंदवून घेणारं पोलिस ठाणं, वेळेत निकाल देणारं न्यायालय. ते देणं ज्यांचं काम, त्यांनी हातात किंमतपत्रक दिलं. कापूस वेचणाऱ्या बाईनं सव्वा लाख जमवायचे आणि स्वतःचं रक्षण स्वतः करायचं!

आता काकूचं काय झालं ते सांगते. मला वाटलं होतं रांगोळीनंतर ती बंदुकीचा नाद सोडेल. तिनं सोडला नाही. परवाना तिनं स्वतःच्या नावावर घेतला. भासऱ्यांना म्हणाली, "भाऊजी, तुमी येजा रखवालीले. पन चाबी माह्या कमरेले राहीन." जुनी काडतुसं तिनं लेखी देऊन जमा केली. चार नंबरची, ६५ मिलिमीटरची मोजकी काडतुसं घेतली. बंदूक लोखंडी कपाटात रिकामी, काडतुसं वेगळ्या पेटीत. पण त्याआधी तिनं खाटा हलवल्या. नातवंडांची झोपायची जागा विटांच्या भिंतीकडे आणली. मागच्या दाराला आतून आडणा बसवला. कापसाचे पैसे घरी न आणता थेट खात्यात घ्यायला लागली. आजूबाजूच्या पाच वस्त्यांवरच्या बायकांनी शिट्ट्या घेतल्या, एकीची वाजली की सगळ्यांनी दिवे लावायचे आणि ११२ ला फोन करायचा. एका रात्री त्यांनी मुद्दाम घड्याळ लावून ठाण्यातून वस्तीपर्यंतचं अंतर मोजलं आणि तो आकडा ग्रामसभेत मांडला.

मी तिच्या जागी असते तर बंदूक घेतली नसती. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "तुमी माह्या जागी नाई ना, ताई." खरं आहे. पण आता ती काय घेऊन बसली आहे हे तिला माहीत आहे, आणि तिच्या सुनेलाही माहीत आहे.

म्हणून या शिबिरातून मी तीन मागण्या ठरावासाठी मांडते. एक, बंदुकीचा परवाना देताना किंवा नव्यानं करून देताना घरातल्या बायकांशी पोलिसांनी पुरुषांच्या गैरहजेरीत बोलावं आणि त्यांचं म्हणणं लेखी नोंदवावं. दोन, ज्या घरातून कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आहे तिथल्या परवान्याचा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी लगेच फेरविचार करावा. तीन, परवानाधारक वारला तर त्याच्या विधवेला तिच्या वारसाहक्काची माहिती ठाण्यातून लेखी मिळावी.

आणि तुमच्यापैकी कुणाकडे उद्या एखादी बाई येऊन विचारेल, काडतूस कोणतं ठेवू? तिला उडवून लावू नका, माझ्यासारखं भाषणही देऊ नका. रांगोळी घ्या, तिच्या अंगणात बसा आणि आधी विचारा: कुडापलीकडे कोण झोपतं? कपाटाची चावी कुणाकडे आहे? आणि या घरात तुला भीती कुणाची वाटते? या तिन्हींची उत्तरं मिळाली, की मग नंबराचं बोलू.